पेशीतलं मूर्तिजापूर

36 अंश सेल्सिअस हा आकडा वऱ्हाडात कुणी मनावर घेत नाही. मार्चमध्ये पारा तिथवर चढला की ‘लागला बाप्पा उन्हाळा’ म्हणत लोक माळ्यावरचा कूलर खाली काढतात, एवढंच. अकोला 45 च्या पुढे गेलं तरच ती बातमी. पण पेशीजीवशास्त्राच्या इतिहासात 36 हा मोठ्या मानाचा आकडा आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सिॲटलला लेलँड हार्टवेल यांनी यीस्टचे काही वाण वेगळे काढले. ते 23 अंशांवर धडधाकट वाढत आणि 36 वर नेले की विभाजनाच्या एका ठरावीक पायरीवर अडून बसत. एकेका वाणात एकेक जनुक बिघडलेलं. कोण कुठे अडतं याची यादी करत करत पेशी विभाजनाचं वेळापत्रक हाती आलं, आणि 2001 चं नोबेल हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना मिळालं. हाच प्रयोग अमरावतीत एप्रिलमध्ये करायचा ठरवला, तर 36 साठी काही खर्च येणार नाही. पैसे लागतील ते 23 साठी.

त्या वाणांतले दोन माझ्या विशेष आवडीचे. एकाचा क्रमांक 24, दुसऱ्याचा 42. चोवीस नंबरचा हार्टवेल यांच्याच यादीतला. बेचाळीस नंबरचा जॉन प्रिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये जगापुढे आणला. या पेशींना 36 वर नेलं की त्या लगेच मरत नाहीत. खात राहतात, वाढत राहतात, आत केंद्रकाची विभागणीही चालू असते. फक्त कळी, म्हणजे अंगावर फुटणारी लेकपेशी, येत नाही. कळी कुठे काढायची हेच ठरत नाही, म्हणून वाढ सगळीकडून होते आणि पेशी फुगून गोल गरगरीत होते. भूक आहे, ताकद आहे, दिशा तेवढी नाही.

पेशीला दिशा असते हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. पुस्तकातली पेशी म्हणजे एक वर्तुळ, मध्ये केंद्रक, भोवती तंतुकणिका विखुरलेल्या. कुठूनही बघा, सारखीच. खरी पेशी तशी क्वचितच असते. तिला पुढचं-मागचं असतं, जुनं-नवं टोक असतं, वाढायची एक बाजू आणि गप्प बसायची दुसरी बाजू असते. याला जीवशास्त्रात ध्रुवीयता म्हणतात. यीस्टमध्ये तिची मुख्य कळ सीडीसी42 नावाच्या प्रथिनाच्या हातात आहे; बेचाळीस नंबरच्या वाणात याचंच जनुक बिघडलेलं. ते पेशीच्या पडद्याला आतून चिकटलेलं असतं आणि जिथे चालू अवस्थेत गोळा होतं तिथे वाढीचं सगळं सामान वाहून नेलं जातं. हेच प्रथिन माणसातही आहे. माणसाचं घेऊन बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं तर यीस्टला पुन्हा कळी येते. जिवाणूचा पाठलाग करणारी आपली पांढरी पेशी आणि लांबच लांब शेपूट काढणारी चेतापेशी याच प्रथिनावर चालतात.

माझं माहेर अकोल्याचं. मोर्णेकाठच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. मे महिन्यात तिथला कारागीर मैद्यात पाणी घालत नसे, बर्फ फोडून घालत असे. त्या उकाड्यात साध्या पाण्याने मळलं तर पीठ हातात येईपर्यंत फुगून आंबून जातं, पाव आंबट निघतो आणि त्याला रूप राहत नाही, असं त्याचं म्हणणं. ते शंभर टक्के खरं आहे. ओल्या यीस्टची वडी तो फ्रीजमध्ये ठेवी. फिकट भुऱ्या रंगाची, बोटाने दाबली की साबणासारखी न दबता कडा मोडून तुटणारी, वासाला थोडी फळासारखी. अशा वडीच्या एका ग्रॅममध्ये हजार कोटींच्या घरात पेशी असतात. मी पुढे अमरावतीत येऊन वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा यीस्टबद्दल मला पुस्तकातून जे कळलं, त्यातलं निम्मं त्या कारागिराला हाताने ठाऊक होतं.

उरलेल्या निम्म्यात एक गोष्ट अशी आहे, की निरोगी यीस्टचीही अचानक उन्हात घातल्यावर थोडा वेळ दिशा हरवते. 23-24 अंशांवरून एकदम 37 वर नेलं, की कळीकडे तोंड करून शिस्तीत उभे असलेले ॲक्टिन या प्रथिनाचे धागे आणि ठिपके सगळ्या पेशीभर पांगतात. भिंतीवर ताण आला आहे, आता कळी राहू दे, आधी सगळीकडची डागडुजी करू, असा काहीसा हा प्रकार असतो. गंमत पुढेच आहे. तापमान 37 वरच ठेवा, उतरवू नका. तास-दोन तासांत धागे पुन्हा कळीकडे वळतात. ऊन कमी झालेलं नसतं, पेशीच सावरलेली असते. बिघडलेल्या वाणाचं आणि निरोगी वाणाचं अंतर एवढंच: दिशा दोघांचीही जाते, निरोगी पेशीला ती परत मिळवता येते.

आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला यीस्टचं प्रात्यक्षिक असे. कोमट साखरपाण्यात सुक्या यीस्टचे दाणे टाकायचे, तासाभराने एक थेंब काचपट्टीवर, त्यात मिथिलीन ब्लूचा इवलासा ठिपका, वर आच्छादन काच. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत पेशी रंग आत टिकू देत नाहीत. चारशे पट मोठं करून पाहिलं की पाच ते आठ मायक्रॉनचे ते लंबगोल दाणे दिसतात आणि त्यातल्या काहींच्या कडेला एक लहान दाणा लागलेला असतो. दर्यापूर, अंजनगाव, मोर्शी, चांदूरकडून एसटीने येणारी पोरं-पोरी. डोळा लावला की आधी दोन मिनिटं स्वतःच्या पापण्याच दिसतात. मग एखादी ओरडते, “मॅडम, याले पिल्लू फुटून रायलं!” कलिकायन हा शब्द परीक्षेत लिहायचा असतो, पण त्या क्रियेचं वर्णन याहून नेमकं मला आजवर सापडलेलं नाही.

त्या काचपट्टीवर जे दिसत नाही तेच खरं पाहण्यासारखं असतं. पिल्लू सुटून गेलं की आईच्या अंगावर एक वण राहतो, गोल कड्यासारखा, कायटिनचा. प्रत्येक पिल्लाचा वेगळा वण, आणि तो पुसला जात नाही. वण दिसायला कॅल्कोफ्लुअर नावाचं रंजक लागतं. अतिनील प्रकाशात वण निळसर चमकतात. हे रंजक मुळात प्रयोगशाळेसाठी झालेलंच नाही. ते कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून वापरायचं द्रव्य; आपल्याकडे धोतरं-सदरे ज्या टिनोपालने उजळत त्याच जातीचं. कापसाचं सेल्युलोज आणि वणातलं कायटिन यांच्या साखळ्या सारख्याच पद्धतीने जोडलेल्या, म्हणून जे सुताला चिकटतं ते वणालाही चिकटतं. ज्या मुलखाने शंभर वर्षं कापूस पिकवला आणि बाहेर धाडला, तिथे ही माहिती पाठ्यपुस्तकात हवी होती.

तर, पुढची कळी कुठे? इथे यीस्टचे नेम ठरलेले आहेत. गुणसूत्रांचा एकच संच असलेली पेशी नवी कळी मागच्या वणाला खेटून काढते. दोन संच असलेली पेशी दोन टोकांपैकी एक निवडते. नव्याने जन्मलेली लेक बहुतेक वेळा आईपासून दूरच्या टोकाला सुरुवात करते. म्हणजे जुन्या वणापाशी एक खूण ठेवलेली असते आणि पुढच्या खेपेला सीडीसी42 ती खूण वाचतं. 1991 मध्ये जॉन चँट आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी ही खूण वाचणारी ‘बड’ जनुकं शोधली. ती बिघडवली तेव्हा पेशी कुठेही कळी काढू लागल्या, आज इथे, उद्या तिथे. पण काढत राहिल्या. एका वेळी एकच, व्यवस्थित, सशक्त. खूण गेली तरी घर बुडालं नाही.

मला यातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. खूण वाचता येणं ही सोय आहे. कुठेतरी एकच जागा निवडणं आणि बाकीच्या जागांना गप्प बसवणं, ही गरज आहे. सीडीसी42 चा एक पुंजका जमला की तो आणखी सीडीसी42 ओढतो. दुसरीकडे जमू पाहणाऱ्या पुंजक्याला माल पुरत नाही आणि तो विरतो. बहुतेक वेळा एकच उरतो. पूर्वजांनी दाखवलेली जागा असेल तर त्या जागेला थोडं पुढून सुरुवात मिळते, बस. नसेल तर पेशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी एक जागा उचलते आणि कामाला लागते.

वणांवरून आईच्या वयाचा विषय निघतोच. रॉबर्ट मॉर्टिमर आणि जॉन जॉन्स्टन यांनी 1959 मध्ये सूक्ष्म सुईने एकेक लेक बाजूला करत आईची बाळंतपणं मोजली, आणि दाखवलं की यीस्टची पेशी अमर नसते. वीस-पंचवीस पिल्लं झाली की आई थकते आणि थांबते. लेक मात्र आई कितीही म्हातारी असली तरी साधारण पूर्ण आयुष्य घेऊन सुटते. खराब झालेली प्रथिनं, नको असलेले डीएनएचे वेटोळे बहुतेक आईकडेच राहतात. इथे आईच्या त्यागावर दोन ओळी लिहायचा मोह कुणालाही होईल. मी तो आवरते, कारण अगदी म्हातारपणीच्या शेवटच्या लेकींना तीच आई आपलं म्हातारपण थोडं-थोडं देऊनही टाकते. आईने सोसलं असं म्हणण्यापेक्षा आई आणि कळी यांच्यामधली मान अरुंद होती आणि वेळ थोडा होता, हे जास्त खरं.

आता दुसरं यीस्ट. पावातल्या यीस्टला कळी येते. हे दुसरं मधोमध तुटतं. शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे. जर्मनीत पॉल लिंडनर यांनी 1893 मध्ये पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भरडधान्याच्या बिअरमधून ते वेगळं केलं, आणि स्वाहिलीत बिअरला पॉम्बे म्हणतात म्हणून नावही तेच दिलं. आफ्रिकेत अशी बिअर ज्या धान्यांची करतात त्यात ज्वारी आहेच, आणि आपली ज्वारीही मूळची आफ्रिकेतली, चारेक हजार वर्षांपूर्वी इकडे आलेली. आपण तिची भाकर केली, हुरडा केला, आंबील केली. 1969 मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं तेव्हा वऱ्हाडात कापसाच्या जोडीला शेतोशेती ज्वारी होती. आता सोयाबीन आहे, आणि हुरडा खायला लोक तिकिटं काढून हुरडा पार्टीला जातात. असो. प्रयोगशाळांत जे पॉम्बे आज वापरतात ते त्या आफ्रिकी बिअरमधलं नव्हेच. ते फ्रान्सच्या द्राक्षरसातून आलेलं. स्वित्झर्लंडमध्ये उर्स लॉइपोल्ड यांनी 1940 च्या दशकात त्यावर काम सुरू केलं आणि त्याच वाणाची संतती जगभर गेली. नाव एका खंडाचं, कूळ दुसऱ्या खंडाचं.

पॉम्बेची पेशी दंडगोल असते, दोन्ही टोकांना गोलसर. जाडी साडेतीन-चार मायक्रॉन; ती बदलत नाही. जन्मताना लांबी सातेक मायक्रॉन, तुटताना चौदा. फक्त टोकांना वाढायचं, मध्ये तुटायचं. एडिंबरात मर्डॉक मिचिसन यांनी 1950 च्या दशकात हे यीस्ट निवडलं ते याच साधेपणासाठी: लांबी मोजली की पेशीचं वय कळतं. त्यांच्याच प्रयोगशाळेत पुढे पॉल नर्स आले.

तुटल्यावर प्रत्येक पोरीकडे एक टोक आईचं आलेलं असतं आणि दुसरं आत्ताच, तुटण्याच्या जागी तयार झालेलं. वाढ आधी जुन्या टोकाला सुरू होते; नवं टोक काही काळ नुसतं बसून असतं, पेशी पुरेशी लांब झाली की मग तेही वाढायला लागतं. म्हणून पॉम्बेच्या एका पेशीत एक टोक एका पिढीचं आणि दुसरं दहा पिढ्यांपूर्वीचंही असू शकतं. दोन्ही एकाच पेशीची टोकं, दिसायला सारखीच.

हे शिकवताना मागच्या बाकावरून एकाने विचारलं होतं, “मॅडम, पण थ्याले मधात कुठं हाये हे समजते कसं?” प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता आणि पूर्णपणे बरोबर होता. पट्टी नाही, डोळे नाहीत, मग मध्य कसा सापडतो?

याचं उत्तर देताना मला अमरावतीहून अकोल्याला जाणारी एसटी आठवते. बडनेरा सोडलं की भिंतींवर, विहिरींच्या कठड्यांवर अमरावतीच्या जाहिराती असतात: क्लासेस, दातांचे दवाखाने, शालू-पैठणीची दुकानं. जसजसं पुढे जावं तशा त्या विरळ होतात. मूर्तिजापूरच्या आसपास अमरावतीच्याही थोड्या आणि अकोल्याच्याही थोड्याच. त्यापुढे बोरगाव मंजूपर्यंत अकोल्याच्या दाट होत जातात. कुणी डोळे बांधून एसटीत बसवलं आणि मध्येच उतरवून भिंती दाखवल्या, तर नकाशा नसतानाही आपण दोन्ही शहरांपासून सारखेच लांब आहोत हे त्याला सांगता येईल. पॉम्बेच्या टोकांना पॉम1 नावाचं प्रथिन असतं. यर्ग बेलर आणि तेच जॉन प्रिंगल यांनी ते 1998 मध्ये शोधलं. टोकाला दाट, मध्याकडे विरळ. जिथे ते आहे तिथे तुटू नको असा त्याचा हुकूम. केंद्रकातून बाहेर येऊन तुटण्याची रेघ आखणारं मिड1 हे प्रथिन मग मधल्या मोकळ्या पट्ट्यातच जमतं, कारण टोकांकडे त्याला थारा नाही. आणि केंद्रक मध्ये असतं ते दोन्ही बाजूंच्या सूक्ष्मनलिका टोकांना रेटा देऊन त्याला मध्ये ढकलतात म्हणून.

2009 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन गटांनी लिहिलं की हाच पॉम1 चा उतार लांबी मोजायची पट्टीही आहे: पेशी आखूड असताना टोकांचं पॉम1 मध्यापर्यंत पोचतं आणि विभाजन रोखतं, लांब झाली की पोचत नाही, आणि मग मुभा मिळते. कल्पना इतकी देखणी की ती खरी असावी असं प्रत्येकाला वाटलं. मीही ती दोन वर्षं उत्साहाने फळ्यावर काढली. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की पॉम1 काढून टाकलं तर तुटायची जागा सरकते, पेशी थोडी आखूड असतानाच तुटते, पण मापाचा नेम काही सुटत नाही. पट्टी आणखी कुठेतरी आहे. देखण्या कल्पनेला पुराव्याने थोडं मागे सारलं, आणि त्याने तिची शोभा कमी झाली असं मला वाटत नाही.

टोकांचं मात्र असं नाही. टोक कुठे आहे ही खबर पोचवण्याची व्यवस्था 1997 मध्ये हुआन माता आणि नर्स यांनी उलगडली आणि ती टिकली आहे. पेशीच्या लांबीत सूक्ष्मनलिका सतत वाढतात, टोकाला टेकतात, मोडतात, पुन्हा वाढतात. वाढत्या अग्रावर टी1 नावाचं प्रथिन स्वार होऊन जातं आणि टोकाला पोचलं की तिथे उतरवलं जातं. मिनिटामिनिटाला ही खेप चालू. टोक एकदा ठरलं आणि कायमचं झालं असं काही नसतं. ते दर थोड्या वेळाने टेकून, चाचपून पुन्हा ठरवलं जातं. टी1 नसलेल्या पेशी वाकड्या होतात, आणि काही काळ उपाशी ठेवून खायला घातल्या तर कुशीतूनच फांदी काढतात, टी अक्षरासारख्या. उलट, साबूत पेशीला एखाद्या अरुंद खोबणीत कोंडून वाकवलं तर नलिका टोकाऐवजी कुशीला टेकू लागतात, टी1 तिथे उतरतं आणि पेशी तिथे नवं टोक काढायला बघते. म्हणजे आकार नलिकांना वाट दाखवतो आणि नलिका आकार घडवतात. आधी कोण, हा प्रश्न इथे निरर्थक आहे. दोघे एकमेकांना धरून आहेत.

मग ही साखळी पूर्णच तोडली तर? विकरांनी भिंत विरघळवली की पॉम्बे गोल होतं. ना जुनं टोक, ना नवं. भिंत पुन्हा बांधू दिली तर त्या गोळ्यावर कुठेतरी वाढीचा एक डाग उमटतो, तिथून दंड निघतो आणि काही पिढ्यांत सगळी संतती पुन्हा सरळ दंडगोल. बीजाणूंचं तर हे नेहमीचंच. पॉम्बेचा बीजाणू गोल असतो. रुजताना सीडीसी42 चा पुंजका त्या गोल कवचाखाली भटकत राहतो, इथे थोडा वेळ, तिथे थोडा वेळ, जागा पक्की होत नाही. शेवटी बाहेरचं कवच एका ठिकाणी तडकतं, आणि पुंजका तिथेच ठाण मांडतो. 2014 मध्ये पॅरिसच्या गटाने हे चित्रित केलं. त्या भटकण्याच्या काळात पेशी काही चुकत नसते. तिला जागा दाखवणारं कुणी नसतं इतकंच.

आपल्याकडे मूल जन्मलं की दुसऱ्या दिवशी ठरतं: आज्यावर गेलं, नाक मावशीचं. आकार वारशाने येतो ही आपली पक्की समजूत, आणि वारसा म्हणजे जनुकं ही शाळेने घातलेली भर. पण पॉम्बेच्या सुमारे पाच हजार जनुकांत दंडगोलाचं चित्र कुठेही काढलेलं नाही. टी1 चं जनुक टी1 कसं बनवायचं एवढंच सांगतं. ते कुठे उतरवायचं हे पेशीचं आत्ताचं टोक सांगतं, आणि ते टोक आईच्या शरीराचा तुकडा असतं. म्हणजे आकाराचा एक भाग अक्षरांतून येतो, एक भाग अंगातून, आणि तिसरा भाग प्रत्येक पिढीला स्वतः जागच्या जागी करावा लागतो. पहिल्याबद्दल आपण फार बोलतो, दुसऱ्याबद्दल कमी, तिसऱ्याबद्दल जवळजवळ नाहीच. यीस्टवरून माणसाला शहाणपण शिकवणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि तसला आणखी एक लिहायचा माझा विचार नाही. तरी पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांचं वळण सुटलं म्हणून हळहळणारे अमरावतीच्या कॅम्प भागातले आमचे शेजारी बोलायला लागले, की मला तो कवचाखाली भटकणारा पुंजका आठवतो आणि मी गप्प बसते.

महाराष्ट्रात या विषयावर जे काम झालं, त्यातलं काही जरा वेगळ्या अंगाने. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुकुंद देशपांडे यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी नावाच्या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं. ही बुरशी परिस्थितीप्रमाणे कधी यीस्टसारखी गोल राहते, कधी लांब धागा होते; गोलाचा धागा होताना आतली कोणती विकरं कमी-जास्त होतात, हा त्यांचा शोध. स्मिता झिंजार्डे आणि सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तेलाने माखलेल्या समुद्राच्या पाण्यातून यॅरोविया लिपोलिटिका हे यीस्ट वेगळं केलं. तेही दोन रूपांचं. रोग पसरवणाऱ्या कित्येक बुरशा शरीरात शिरताना रूप पालटतात, म्हणून गोल-लांब हा प्रश्न नुसता नक्षीचा नाही. आणि इकडे मेळघाटात मार्च-एप्रिलला पहाटे मोहाची फुलं वेचतात, वाळवून पाण्यात भिजत घालतात; फुलांवरचंच रानटी यीस्ट ती आंबवतं. त्या मडक्यातली कोणती जात कळी काढते, कोणती मधात तुटते, हे पाहायला एक थेंब आणि एक सूक्ष्मदर्शक पुरे. पॉम्बेला गोड आणि आंबणारं मानवतं. तिथे ते सापडलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

अमरावती विभागात पाच जिल्हे, कितीतरी विज्ञान महाविद्यालयं, आणि त्यातल्या बहुतेकांत चांगले सूक्ष्मदर्शक आहेत. अनेक ठिकाणी ते कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं, आणि किल्ली प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात सापडते. हे वाचणारं कुणी तिथे शिकत किंवा शिकवत असेल तर एक विनंती: किराणा दुकानातून सुक्या यीस्टची पुडी आणा, साखरपाणी करा, आणि ती किल्ली मागा. लगेच नाही मिळाली तर पुन्हा मागा.